ब्राँटाइड : भुईतून येणारा गडगडाट

बीडहून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले की बालाघाटाच्या कुशीत कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी तिथे आहे. ‘परमरहस्य’ हा वीरशैवांचा मराठी ग्रंथ लिहिणारे हे संतकवी. कार्तिकात तिथे यात्रा भरते, तेव्हा महाराष्ट्राबरोबर कर्नाटक-तेलंगणातूनही माणसे येतात. मी मात्र यात्रेच्या गर्दीत न जाता पावसाळ्यात जातो, कारण तेव्हा धारेला पाणी असते.

दोन वर्षांपूर्वी श्रावण सरता सरता असाच गेलो होतो. आभाळ भरलेले होते आणि धबधब्याच्या आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते. समाधीकडे परतत असताना एक दबका, जड आवाज आला. दोन-तीन सेकंद टिकला असेल. मी वर पाहिले. पाऊस येणार, असे काहीतरी बोललो. शेजारी पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मान हलवली. “हे आभाळाचं नाही, सर. आभाळ वरून बोलतं. हे खालून आलं.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “किल्लारीच्या सालापासून कळतंय मला. तवापासून पावसाळा सोडला तर मी घरात झोपत नाही.”

त्या आवाजाचा उगम त्या दिवशी कुणी तपासला नाही. जवळपास कुठे विहिरीचा सुरुंगही उडाला असेल. पण बाईंनी जाता जाता विचारलेला प्रश्न माझ्यासोबत घरी आला : “तुम्ही शिकलेली माणसं. ह्याला म्हणतात काय?” मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. वर्तमानपत्रांत छापून येणारे ‘गूढ आवाज’ हे दोन शब्द तेवढे आठवले. ते सांगायचा धीर झाला नाही.

उत्तर पुढे एका इंग्रजी शब्दकोशात सापडले. शब्द होता ‘ब्राँटाइड’. अर्थ असा : दूरच्या मेघगर्जनेसारखा वाटणारा, दबका, खालच्या पट्टीतला आवाज, काही भूकंपप्रवण भागांत, विशेषतः समुद्रकाठी आणि सरोवरांवर ऐकू येणारा, भूमीच्या क्षीण कंपनांमुळे होत असावा असा समज असलेला. म्हणजे वादळाचा आवाज, पण वादळाशिवाय. बाईंनी चार शब्दांत सांगितले होते तेच.

शब्दाची कुळकथा

ग्रीक भाषेत ‘ब्राँटे’ म्हणजे मेघगर्जना, आणि ‘एइदोस’ म्हणजे रूप, आकार. दोन्ही मिळून ‘गर्जनेसारखे’. हा जोडशब्द प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी टीटो आलिप्पी या इटालियन अभ्यासकाने अशा आवाजांसाठी ‘ब्राँतिदी’ हे नाव वापरले आणि तिथून तो इंग्रजीत आला. मध्य इटलीतल्या लोकांकडे या आवाजाला आधीपासूनच ‘मारिना’ असे घरगुती नाव होते. पंडिताने त्यावर ग्रीक अंगरखा चढवला, इतकेच.

ब्राँटे या धातूची भावंडे मात्र आपल्या ओळखीची आहेत. १८७९ साली ओथनील मार्श या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका अवाढव्य प्राण्याच्या सांगाड्याला ‘ब्राँटोसॉरस’, म्हणजे गर्जनेचा सरडा, असे नाव दिले. साहित्याच्या वाचकाला अधिक जवळचे नाव म्हणजे ‘ब्राँटे’ भगिनी. त्यांचे वडील पॅट्रिक हे आयर्लंडमधले. घराण्याचे आडनाव ब्रंटी किंवा प्रंटी असे लिहिले जाई. केंब्रिजला गेल्यावर ते ‘ब्राँटे’ लिहू लागले. नौसेनापती नेल्सनला त्याच सुमारास सिसिलीतल्या ब्राँटे गावाची सरदारकी मिळाली होती. ते नाव त्यांच्या मनात असावे, असा चरित्रकारांचा तर्क आहे. हे ब्राँटे गाव एटना ज्वालामुखीच्या उतारावर वसलेले आहे.

इथे एक मजेशीर वळण लागते. ग्रीक पुराणात झ्यूसला वज्र घडवून देणाऱ्या तीन एकाक्ष राक्षसांपैकी एकाचे नाव ब्राँटेस, म्हणजे गर्जणारा. पुढच्या कवींनी या राक्षसांची भट्टी एटनाच्या पोटात नेऊन ठेवली. म्हणजे आभाळात कडाडणारे हत्यार घडते जमिनीखाली आणि घणाचे घावही तिथूनच ऐकू येतात. आलिप्पीला हवा असलेला अर्थ, खालून येणारी गर्जना, कथेत आधीच मुरलेला होता.

त्याच घरातल्या एमिलीच्या १८४७ च्या कादंबरीचे नाव ‘वुदरिंग हाइट्स’. ‘वुदरिंग’ हा यॉर्कशरच्या बोलीतला शब्द. उघड्या माळावर वादळी वारा घोंघावतो, त्या गदारोळासाठीचा. आडनावात मेघगर्जना आणि पुस्तकाच्या नावात वाऱ्याचे घोंघावणे, असा हा योग आहे. ‘वुदरिंग’ला मराठी प्रतिशब्द शोधताना अनुवादकाची दमछाक होते असे म्हणतात, मला वाटते, सोसाटा आणि घोंघावणे यांच्या मधली जागा त्या शब्दाने घेतली आहे.

गर्जना : त्यांची आणि आपली

इंग्रजीतला रोजचा शब्द ‘थंडर’. जुन्या इंग्रजीत तो ‘थुनोर’ होता. तोच उत्तरेकडचा थॉर देव, आणि त्याचा वार तो ‘थर्सडे’. जर्मनमध्येही गुरुवारचे नाव गर्जनेवरूनच पडले आहे. लॅटिनमध्ये गर्जण्याला ‘तोनारे’ म्हणतात. ‘अॅस्टॉनिश’ या शब्दाच्या मुळाशी हेच क्रियापद आहे : आश्चर्याने थक्क होणे म्हणजे गर्जनेने बधिर होणे. आपणही धक्का बसला की अंगावर वीज कोसळली म्हणतो. ‘टॉर्नेडो’च्या मागे स्पॅनिश ‘त्रोनादा’, म्हणजे गडगडाटी वादळ, हा शब्द आहे.

या कुटुंबाची एक शाखा थेट आपल्या अंगणात येते. संस्कृतात ‘स्तन्’ म्हणजे गर्जणे. त्यावरून ‘स्तनित’ म्हणजे मेघांचा गडगडाट आणि ‘स्तनयित्नु’ म्हणजे गर्जणारा मेघ. मेघदूतात ‘स्तनित’ भेटतो. थंडर, तोनारे आणि स्तनित ही एकाच आजोबांची नातवंडे आहेत, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. बृहदारण्यक उपनिषदात देव, मानव आणि असुर प्रजापतीकडे उपदेश मागायला जातात, तेव्हा तिघांना एकच अक्षर मिळते : द. ज्याला जे उणे, त्याने ते ऐकावे. दमन, दान, दया. आजही आकाशातला स्तनयित्नु तेच अक्षर उच्चारतो, असे तिथे सांगितले आहे. टी. एस. एलियटने १९२२ मध्ये ‘द वेस्ट लँड’च्या शेवटच्या भागाचे नाव या कथेवरून ठेवले. एक आवाज आणि ऐकणाऱ्यागणिक अर्थ वेगळा, हे सूत्र पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

कपिलधार हे शैवांचे ठिकाण. तिथे आणखी एक व्युत्पत्ती आठवल्याशिवाय राहत नाही. ‘रुद्र’ म्हणजे काय, याचे एक उत्तर यास्काच्या निरुक्तात आहे : जो आवाज करतो, गर्जतो, तो रुद्र. वादळवाऱ्याच्या या देवाचे नावच ध्वनीवरून पडले, अशी जुन्यांची समजूत होती.

कड, गड आणि गुड

मराठीने या सगळ्या संस्कृत वैभवाकडे फारसे पाहिले नाही. ‘गरजणे’ तेवढे घेतले आणि बाकीचे शब्द कानाने घडवले. ‘धबधबा’ या शब्दाकडेच पाहा. पाणी पडताना जसे वाजते, तेच त्याचे नाव. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. असे ध्वन्यनुकारी शब्द त्यात जागोजागी भेटतात.

वीज जवळ पडली की ‘कडकडाट’ होतो. तीच लांब असली की ‘गडगडाट’ होतो. आपण हा भेद विचार न करता पाळतो. टाळ्यांचा कडकडाट असतो, गडगडाट सहसा नसतो. या भेदामागे भौतिकशास्त्र आहे. विजेच्या मार्गातली हवा क्षणार्धात सुमारे ३० हजार अंश सेल्सियसपर्यंत तापते, स्फोटासारखी फुगते आणि आवाज होतो. त्या आवाजात उंच आणि खालच्या, सगळ्याच पट्ट्या असतात. हवेतून प्रवास करताना उंच पट्ट्या लवकर शोषल्या जातात. म्हणून जवळच्या माणसाला चिरफाळणारा ‘क’ ऐकू येतो आणि दूरच्याला फक्त घरंगळणारा ‘ग’. शिवाय विजेची रेघ काही किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी आणि लांबच्या टोकाचा नंतर पोचतो, त्यामुळे तो लोळत लोळत येतो. ‘गडगड’ची पुनरुक्ती तिथली आहे. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरावा, हा हिशेब शेतकऱ्याच्या कामाचा आहे. अंतर कमी होत चालले की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे.

तिसरी पायरी ‘उ’काराची. पोटात गुडगुडते, कुत्रे गुरगुरते, घुमटात आवाज घुमतो, लांबचा ढोल धुमधुमतो. ‘उ’ उच्चारताना ओठ गोल होतात आणि आवाज खोल, बंद जागेतून आल्यासारखा होतो. आत कोंडलेल्या, न दिसणाऱ्या जागेतल्या आवाजांना मराठीने हा स्वर दिला. कड, गड, गुड : जवळचे आभाळ, दूरचे आभाळ आणि पोटातले. भुईच्या पोटातला आवाज या तिसऱ्या घरात बसतो.

जमीन कशी बोलते

भूकंपात खडक सरकतो, तेव्हा निघणाऱ्या लहरींपैकी पहिली असते दाबाची लहर. ती कठीण खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने धावते. ध्वनी हासुद्धा दाबाचीच लहर. त्यामुळे ती पृष्ठभागाशी पोचली की जमीन एखाद्या ढोलाच्या कातड्यासारखी हलते आणि वरची हवा हलवते. आपला कान सेकंदाला साधारण २० कंपनांच्या वरचेच ऐकतो. मोठ्या, खोल भूकंपाच्या लांब पल्ल्याच्या लहरींत जलद कंपने वाटेतच विरतात. मग घर हलते, पण आवाज येत नाही. उलट अगदी लहान धक्का पायाखाली दोन-तीन किलोमीटरवर झाला, तर जलद कंपने शाबूत पोचतात. मग हादरा जाणवत नाही, पण आवाज मात्र ऐकू येतो. आवाज मोठा म्हणजे भूकंप मोठा, असा हिशेब इथे चालत नाही. तो आवाज मुख्यतः ‘जवळ’ एवढेच सांगतो.

हा अनुभव जगभरचा आहे, म्हणून नावेही जगभर आहेत. गंगेच्या मुखाशी, आजच्या बांगलादेशातल्या बारिसालमध्ये एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी तोफेसारखे आवाज नोंदवले आणि ते ‘बारिसालच्या तोफा’ म्हणून प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका सरोवरावर तशाच ‘सेनेकाच्या तोफा’. जेम्स फेनिमोर कूपरने त्यावर गोष्ट लिहिली. बेल्जियम-हॉलंडच्या किनाऱ्यावर त्यांना धुक्याचे फुत्कार म्हणतात. कनेक्टिकटमधल्या मूडसचे तर गावाचे नावच मूलनिवासींच्या भाषेतल्या ‘वाईट आवाजांची जागा’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. तिथे १९८० च्या दशकात यंत्रे बसवली, तेव्हा आवाज आणि उथळ, इवले भूकंप यांची सांगड पक्की बसली. सगळीकडे ती बसत नाही. १९७९ मध्ये टॉमस गोल्ड आणि स्टीव्हन सोटर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्राँटाइडवर लेख लिहून, भूगर्भातून उसळणारा वायू हेही काही आवाजांचे कारण असू शकते, असे सुचवले. आता त्यात माणसाने भर घातली आहे. २० मे २०२० रोजी बंगळुरूला घरांची तावदाने हादरवणारा आवाज झाला आणि भूकंपाची आवई उठली. ते हवाई दलाचे स्वनातीत चाचणी-उड्डाण होते, असा खुलासा नंतर झाला.

मराठवाड्याचे कान

आपल्या पायाखाली बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची, चादर आहे आणि तिच्याखाली फार जुना ग्रॅनाइट-नाइस खडक. किल्लारीला भूकंपानंतर छिद्र घेतले, तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी सुमारे ३४० मीटरच भरली. हा भाग स्थिर मानला जात होता. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारी परिसराला लहान धक्के बसले, जमिनीतून आवाज आले. मग सगळे शांत झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या माळवदांखाली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसे गेली. त्या पहाटेनंतर मराठवाड्याचा कान बदलला. आभाळ आणि भुई यांच्या आवाजातला फरक हे आमच्या एका पिढीचे शिक्षण आहे.

म्हणून आवाज आला की माणसे बाहेर पडतात. २००७ च्या सुमारास नांदेड शहरात हे झाले. गेली काही वर्षे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा नागनाथ आणि कळमनुरी तालुक्यांतल्या गावांना हे आवाज नवे नाहीत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी तिथे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. मुरलेल्या पावसाच्या पाण्याने खडकातल्या भेगांमधला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक किंचित सरकतो, असे अशा काही मालिकांचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

या मालिकांचा धडा दुहेरी आहे. किल्लारीला आवाज आधी आले होते, हे खरे. पण नांदेडला आवाज आले आणि विरून गेले, हेही तितकेच खरे. अशा बहुतेक मालिका मोठ्या भूकंपावाचून संपतात. तेव्हा आवाज म्हणजे भाकीत नव्हे. ‘गरजेल तो पडेल काय’ ही म्हण आभाळाइतकीच भुईलाही लागू पडते. पण म्हण म्हणून झोपी जाता येत नाही. जीव घेतो तो आवाज नव्हे. डोक्यावरचे जड माळवद आणि सांधे नसलेली भिंत घेते. आवाज ऐकून आपले घर तपासणारा शहाणा, आणि अफवा पसरवणारा दुसऱ्याचीही झोप घालवणारा.

नाव ठेवण्याची गरज

‘गूढ आवाज’ या शब्दप्रयोगावर माझा आक्षेप इथे आहे. ‘गूढ’ हा शब्द ऐकलेल्या आवाजाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त आपली भीती सांगतो. उपनिषदातल्या ‘द’सारखे मग ज्याचे त्याने भरायचे : कुणाला ज्वालामुखी, कुणाला शाप, कुणाला प्रलय. नाव असेल तर प्रश्न विचारता येतात. केव्हा झाला? किती सेकंद टिकला? चमक दिसली होती का? भांडी वाजली का? एक धप्प की लागोपाठ दोन? विजेच्या आवाजाआधी चमक असते. स्वनातीत विमानाचे बहुधा दोन ठोके येतात. सुरुंगाला ठरलेली वेळ असते. भुईचा आवाज आखूड, दबका असतो आणि तळपायाला कळतो. गावच्या शाळेत एका वहीत एवढे लिहून ठेवले, तरी भूकंपमापकाच्या नोंदीशी ते जुळवून पाहता येईल. मूडसला तेच झाले.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द नाही असेही नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपाचा एक अध्याय आहे आणि ‘निर्घात’ नावाच्या आवाजाचा दुसरा, स्वतंत्र अध्याय. वाऱ्यावर वारा आपटून तो आकाशातून जमिनीवर आदळतो, तेव्हा होणारा आवाज तो निर्घात, अशी त्याची व्याख्या. भूकंपाच्या अध्यायात कारणांची जंत्री देतानाही हे मत येते : कुणी पाण्यातले महाकाय प्राणी मानतात, कुणी थकलेले दिग्गज, कुणी वाऱ्यावर आपटलेला वारा. कारण चुकले होते, पण हा आवाज वेगळा आहे, त्याला वेगळे नाव आणि वेगळा अध्याय हवा, हे त्या ज्योतिषाला कळले होते. चौदाशे वर्षांनी आलिप्पीने तेच केले.

तरीही मी ‘निर्घात’ पुन्हा चालू करा असे म्हणणार नाही, आणि ‘ब्राँटाइड’ही नको. पहिला पोथीत राहील आणि दुसरा कोशात. मराठीने आपली कड-गड-गुडची पट्टी कानाने लावली आहे. या आवाजालाही तिच्यातच जागा आहे. ‘भुईची गुडगुड’ म्हटले तर पाचवीतल्या पोरालाही कळेल, आणि त्यात भीतीपेक्षा वर्णन जास्त आहे.

गेल्या कार्तिकात यात्रेला गेलो. धारेचे पाणी रोडावले होते. त्या बाई पायरीवर दिसल्या नाहीत. यात्रेत माणूस सापडणे कठीण. भेटल्या असत्या तर ब्राँटेस राक्षसाची गोष्ट सांगितली असती, पण ती नंतर. आधी विचारले असते, घराच्या भिंतीत कोपऱ्यांना सांधे आहेत का, आणि माळवदावरची माती किती जाड आहे. नावही सांगितले असते. त्या हसल्या असत्या कदाचित. म्हणाल्या असत्या, हे तर आम्ही म्हणतच होतो.